पाषाणांतील श्रोते : छत्रपति संभाजीनगरची एक सहल

प्रवासवर्णन वाचून प्रवासास निघणारे लोक थोडे; आणि घरांतील एखादा वाद मिटावा म्हणून प्रवासास निघणारे तर त्याहूनही थोडे. आमची गेल्या जानेवारींतील छत्रपति संभाजीनगरची सहल या दुसऱ्या प्रकारांत मोडते, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

वाद असा होता. आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत सारे दादा म्हणतात, त्यांची कन्या चि. मुक्ता ही आठव्या वर्षापासून कथक शिकत आहे. कुलीन घरच्या मुलींनीं पायांत घुंगरूं बांधूं नयेत असें म्हणणारा काळ आतां मागें पडला. मुलीनें आठवड्यांतून दोन दिवस वर्गास जावें, स्नेहसंमेलनांत बक्षीस मिळवावें, यांत दादांना कौतुकच वाटत असे. परंतु बारावीची परीक्षा जवळ आली, आणि "यापुढें नृत्य हाच माझा मुख्य अभ्यास" असें ती एके दिवशीं जेवतांना म्हणाली. तेव्हां कौतुकाची जागा काळजीनें घेतली. दादांचें सारें आयुष्य बँकेच्या हिशेबांत गेलेलें. "नाचावर पोट भरतें काय?" एवढा एकच प्रश्न त्यांनीं विचारला, आणि त्या एका प्रश्नानें घराचे दोन पक्ष केले. पंधरा दिवस जेवणाच्या पंगतींत मीठसुद्धां मुकाट्यानें मागितलें जाऊं लागलें.

शेवटीं आमच्या मातोश्रींनीं मार्ग काढला. "मुलगी ज्या संभाजीनगरच्या गुरुकुलाचें नांव घेते, तें एकदां डोळ्यांनीं पाहून तरी या. मीही येतें. घृष्णेश्वराचें दर्शन माझें कधींचें राहिलें आहे." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानें अशी इच्छा बोलून दाखविल्यावर दोन्ही पक्ष निरुत्तर झाले, आणि आम्ही सहा माणसें एका पहाटे पुण्याहून निघालों.

पुण्याहून अहिल्यानगरमार्गें संभाजीनगर सुमारें २३५ किलोमीटर आहे. दुपारच्या जेवणास आम्ही तेथें पोहोंचलों. हें शहर पाहूं जाणाऱ्यानें त्याच्या नांवांचा इतिहास ध्यानीं ठेवावा, म्हणजे पुढील गोष्टी आपोआप उलगडतात. येथें पूर्वीं खडकी नांवाचें लहानसें गांव होतें. हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानांत आलेला आणि कर्तृत्वानें निजामशाहीचा मुख्य प्रधान झालेला मलिक अंबर यानें इ. स. १६१० मध्यें तेथें नगर वसविलें. १६५३ मध्यें औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतां त्याच्या नांवावरून औरंगाबाद हें नांव रूढ झालें, आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर हें नांव अधिकृतपणें आलें. नांवें पालटलीं, पण मलिक अंबरानें डोंगरांतून आणलेल्या पाण्याची योजना पाहून आजही अभियंते मान डोलवितात. भूमीखालून नळांच्या वाटेनें पाणी उंच चढवून शहरांत खेळविण्याची ही युक्ति केवळ उताराच्या आणि दाबाच्या बळावर चाले; तिला ना तेल लागे ना वीज.

याच युक्तीचें लहान रूप पाणचक्कींत दिसतें. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत अठराव्या शतकांत ही चक्की बसविली गेली. लांबच्या झऱ्याचें पाणी खापरी नळांतून येथें आणलेलें आहे. तें उंचावरून पडतें, खालचें चाक फिरवितें, आणि चाकाबरोबर वरचें जातें फिरतें. दर्ग्याच्या आश्रयास येणारे फकीर, वाटसरू आणि विद्यार्थी यांच्यासाठीं येथें दळण होत असे. मातोश्री बराच वेळ तें जातें पाहत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंच्या वेळीं हें आपल्या वाड्यांत असायला हवें होतें. पहाटेची झोप तरी मिळाली असती."

तेथून बीबीका मकबरा जवळच आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिचें हें स्मारक. तिचा पुत्र आजमशहा याचें नांव त्याच्या उभारणीशीं जोडलेलें असून काळ इ. स. १६६० च्या सुमारासचा मानतात. ताजमहालाशीं तुलना करून लोक याला नांवें ठेवतात. आम्हांला तो न्याय योग्य वाटत नाहीं. ताजमहालाच्या खर्चापुढें येथील सहा लक्ष अडुसष्ट हजार रुपये ही रक्कम किरकोळ होय. तेवढ्यांत जें उभें राहिलें तें थोडें नाहीं. विशेष म्हणजे मुख्य दरवाज्यावरील लेखांत अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशीं दोघांचीं नांवें आहेत. ज्यानें राबून घडविलें त्याचें नांव दारावर राहिलें, ही गोष्ट आपल्याकडे विरळाच. मुक्तेनें तीं नांवें टिपून घेतलीं. दादांनीं खर्चाचा आंकडा टिपून घेतला.

त्या सायंकाळीं नाटक पाहावयाचें ठरलें होतें. संभाजीनगर हें नाटकाचें मोठें गांव आहे हें पुण्या-मुंबईच्या वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. उस्मानपुऱ्यांत संत एकनाथ रंगमंदिर, सिडकोंत संत तुकाराम नाट्यगृह, निराला बाजारांत तापडिया नाट्यमंदिर, महात्मा गांधी मिशनच्या आवारांत रुक्मिणी सभागृह, एवढीं स्थानें तर सहज सांगतां येतील. विद्यापीठांत नाट्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. "जिगीषा" ही नाट्यसंस्था याच गांवीं वाढली. तिच्यांतून पुढें आलेले प्रशांत दळवी व चंद्रकांत कुलकर्णी यांचें १९९१ चें "चारचौघी" नाटक साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. संगीताकडे वळावें तर पंडित नाथराव नेरळकर यांनीं येथें राहून अनेक वर्षें विद्यार्थी घडविले. २०२१ मध्यें ते निवर्तले.

यांतील रंगमंदिराला एकनाथांचें नांव द्यावें, यांत मोठें औचित्य आहे. नाथांचें पैठण येथून सुमारें पन्नास किलोमीटर. जोशी, वासुदेव, गोंधळी, महार, आंधळा, बहिरा अशीं नाना सोंगें घेऊन नाथांनीं भारुडें रचिलीं, आणि वेदान्त चव्हाट्यावर नाचवून दाखविला. ज्यांना पोथी वाचतां येत नव्हती त्यांच्यासाठीं त्यांनीं रंगभूमि निर्माण केली असें म्हटलें तर तें फारसें चुकणार नाहीं. हें रंगमंदिर २०१७ नंतर दुरुस्तीसाठीं कांहीं वर्षें बंद होतें. त्या काळांत रसिकांची आणि त्याहून अधिक स्थानिक नटमंडळींची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना कोणीही करूं शकेल.

आम्हीं त्या रात्रीं ज्या गृहांत नाटक पाहिलें त्याचें नांव येथें देत नाहीं. कारण पुढें सांगावयाचा दोष गृहाचा नव्हता. नाटक चांगलें होतें. नटांनीं जीव ओतून काम केलें. परंतु पडदा उघडण्यापूर्वीं दादांनीं बँकेंतल्या संवयीनें खुर्च्या मोजल्या, आणि चार खुर्च्यांमागें एक माणूस असा हिशेब काढला. अंक संपल्यावर टाळ्या वाजल्या त्या इतक्या विरळ कीं, नटांनीं नमस्कार केला तेव्हां आम्हांलाच ओशाळल्यासारखें झालें. बाहेर आल्यावर दादा सावकाश म्हणाले, "मुक्ते, मीं विचारलेला प्रश्न चुकीचा होता काय?" ती कांहीं बोलली नाहीं. वहिनींनीं तिच्या अंगावर शाल घातली, आणि आम्ही मुक्कामीं परतलों.

दुसरा दिवस वेरूळ आणि देवगिरी यांसाठीं राखून ठेविला होता. वेरूळ शहरापासून सुमारें तीस किलोमीटर आहे. प्रथम घृष्णेश्वराचें दर्शन घेतलें. अहिल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेलें हें देवालय लाल दगडाचें आणि आटोपशीर आहे. मातोश्रींच्या मुखावर जें समाधान दिसलें त्यांत सहलीचा अर्धा खर्च वसूल झाला असें दादाही म्हणाले.

लेण्यांविषयीं आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं आम्ही पुनरुक्ति करीत नाहीं. चौतीस लेणीं, पहिलीं बारा बौद्ध, पुढील सतरा ब्राह्मणी आणि शेवटचीं पांच जैन. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, आठव्या शतकांत, डोंगर वरून खालीं कोरीत आणलेलें कैलास लेणें पाहून मनुष्य मुकाच होतो. आम्हीं मात्र यावेळीं मुक्तेच्या डोळ्यांनीं लेणीं पाहिलीं. दहाव्या लेण्यांत, ज्यास सुताराची झोपडी म्हणतात, छताला लांकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत आणि दारावर एक सज्जा आहे. तेथें मातोश्रींनीं हलक्या आवाजांत विठ्ठलाचें नांव घेतलें, तें कमानींतून घुमत परत आलें, आणि क्षणभर कोणास बोलवेना. एकविसाव्या लेण्यांत, म्हणजे रामेश्वरांत, नृत्य करणारा शिव आहे. मुक्ता त्याच्यासमोर उभी राहिली आणि नकळत तिचें शरीर त्याच वळणावर आलें. दादांनीं तें पाहिलें. आणि पाहिलें नाहीं असें दाखविलें.

परततांना देवगिरीचा किल्ला लागतो. खंदक, कातीव कडा, अंधारी वाट, चांदमिनार, हें सारें मुलांना ठाऊक असतें. यादवांची ही राजधानी इ. स. १२९६ मध्यें अलाउद्दीन खिलजीनें लुटली आणि १३२७ मध्यें महंमद तुघलकानें दिल्लीहून राजधानी येथें हलविली, हेंही शाळेंत शिकवितात. परंतु याच देवगिरीवर हिंदुस्थानी संगीताचा एक महान् ग्रंथ लिहिला गेला, हें किती घरांत मुलांस सांगतात? तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत राजा सिंघण याच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें "संगीतरत्नाकर" रचिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे त्याचे सात अध्याय. आज उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे असे दोन्ही संगीतपंथ या एका ग्रंथाला पूर्वज मानतात. आणि वाचकहो, हा शार्ङ्गदेव कोण होता? त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेंत आले. पिता सोढळ यादवांच्या दरबारीं श्रीकरणाधिपति, म्हणजे राज्याच्या दप्तराचा आणि हिशेबाचा मुख्य अधिकारी होता. तेंच काम शार्ङ्गदेवाकडे चालत आलें असें अभ्यासक मानतात.

हें आम्हीं गडाच्या पायऱ्यांवर बसून सांगितलें तेव्हां दादा थांबले. "म्हणजे हिशेबनीस?"

"हिशेबनीसच."

मातोश्री खालीं सावलींत बसल्या होत्या. त्यांनीं पुढची कडी जोडली. त्यांच्या बोलण्यांत आम्हांला माहीत असलेलीच गोष्ट नव्यानें आली. नाथांचे गुरु जनार्दनस्वामी याच किल्ल्याचे अधिकारी. कोंवळ्या वयाचा एकनाथ पैठणहून त्यांच्या सेवेस आला आणि त्याला काम मिळालें तें जमाखर्चाचें. एके रात्रीं एका पैचा हिशेब जुळेना; मध्यरात्र उलटल्यावर चूक सांपडली आणि मुलानें आनंदानें टाळी वाजविली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सांपडल्याचा एवढा आनंद, मग भवाच्या हिशेबांतली चूक सांपडेल तेव्हां केवढा होईल! कथा परंपरेची आहे. पण एका गडावर, तीन शतकांच्या अंतरानें, दोन हिशेबनीस होऊन गेले, आणि एकानें संगीताचें शास्त्र सांगितलें तर दुसऱ्यानें भारुड उभें केलें, ही गोष्ट मनांत घोळवीतच आम्ही गड उतरलों. दादा वाटेंत कांहीं बोलले नाहींत.

तिसरे दिवशीं सकाळीं आम्ही शहराच्या उत्तरेस, विद्यापीठाच्या मागील डोंगरांत असलेलीं लेणीं पाहिलीं. वेरूळ-अजिंठ्याच्या कीर्तीपुढें हीं बिचारीं झांकोळून गेलीं आहेत. पण ज्यास नृत्य-गायनाची आवड आहे त्यानें तीं चुकवूं नयेत. पायऱ्या बऱ्याच असल्यामुळें मातोश्री व वहिनी खालींच थांबल्या.

तिसऱ्या लेण्यांत गर्भगृहांत उपदेश करणारा बुद्ध आहे आणि त्याच्यासमोर दोन्ही बाजूंस पुरुषभर उंचीचे भक्त गुडघे टेकून बसले आहेत. स्त्रिया आहेत, पुरुष आहेत. कोणाचे हात जोडलेले, कोणाच्या हातीं फुलें. सर्वांचे डोळे एकाच दिशेस. कारागिरानें बुद्ध कोरला, तसे त्याचे श्रोतेही तितक्याच मेहनतीनें कोरले. बोलणाऱ्यापुढें ऐकणारे नसतील तर चित्र पुरें होत नाहीं, हें त्या अनामिक शिल्पकारास चौदाशें वर्षांपूर्वीं समजलें होतें.

सातवें लेणें तेथून थोडें दूर, पूर्वेकडील गटांत आहे. त्याच्या गर्भगृहांत डाव्या भिंतीवर एक नर्तकी आहे आणि तिच्या भोंवतीं सहा स्त्रिया वाद्यें वाजवीत बसल्या आहेत. बांसरी आहे, टाळ आहेत, चर्मवाद्यें आहेत. नर्तकीचा एक गुडघा किंचित् वळलेला, कंबर एका अंगास झुकलेली, आणि मुखावर असा शांत भाव कीं, पाहणारा आपला आवाज आपोआप खालीं आणतो. देवाच्या अगदीं सन्निध, गाभाऱ्यांत तिला स्थान आहे. मुक्ता म्हणाली, "काका, या साऱ्या स्त्रियाच आहेत." खरेंच, साथीदारांत एकही पुरुष नाहीं. मग तिनें दादांकडे पाहिलें आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलें. "बाबा, हिच्यासाठीं त्या काळीं कोणीतरी डोंगर फोडण्याचा खर्च केला."

दादा उत्तरले, "तो खर्च करणारे त्या तिसऱ्या लेण्यांत बसले आहेत." एवढें बोलून ते पायऱ्या उतरूं लागले.

सायंकाळीं आम्ही महागामी गुरुकुलाच्या शार्ङ्गदेव समारोहास गेलों. महात्मा गांधी मिशनच्या आवारांत १९९६ मध्यें स्थापन झालेल्या या गुरुकुलांत पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखालीं ओडिसी आणि कथक हीं दोन नृत्यें शिकवितात, आणि शार्ङ्गदेवाचें नांव घेऊन जानेवारींत समारोह भरवितात. दिवसा विद्वानांचीं व्याख्यानें, सायंकाळीं नृत्य व गायन, असा त्याचा साधारण क्रम असतो. शहरांतील दुसरा मोठा उत्सव म्हणजे वेरूळ-अजिंठा महोत्सव. तो पूर्वीं कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर होत असे, पुढें शहरांतील सतराव्या शतकाच्या सोनेरी महालाच्या आवारांत होऊं लागला. मध्यंतरीं कांहीं वर्षें खंड पडून २०२३ मध्यें तो पुन्हां भरला.

त्या सायंकाळीं आम्हीं ओडिसी पाहिलें. सकाळीं दगडांत पाहिलेली ती कंबरेची झुकती रेषा रात्रीं दिव्यांच्या प्रकाशांत हलूं लागली तेव्हां मातोश्रींनीं आमचा हात घट्ट धरला. त्या सकाळीं लेण्यापर्यंत चढल्या नव्हत्या; तरी त्यांना सारें समजलें. दादा ताठ बसून पाहत होते. यावेळीं त्यांनीं खुर्च्या मोजल्या नाहींत.

मुक्कामीं परतल्यावर जेवणाच्या वेळीं विषय निघाला. दादा म्हणाले, "शिकविणारे चांगले आहेत, शिकणारे चांगले आहेत. माझा प्रश्न तेथेंच आहे. पाहणारे कोठून आणावयाचे?"

तेव्हां तीन दिवस गप्प असलेल्या वहिनी बोलल्या. "आपल्या घरांत लहानमोठीं अकरा माणसें. गेल्या वर्षीं आपण तिकीट काढून किती प्रयोग पाहिले?"

सर्वांनीं आठवून पाहिलें. एक नाटक पाहिलें होतें. त्याचे पास फुकट आले होते.

त्या प्रश्नानें आमचीही मान खालीं गेली. मासिकांतून कलेविषयीं लिहिणारे आम्ही, आणि वर्षांत एकही तिकीट न काढणारेही आम्हीच! "नाचावर पोट भरतें काय?" असें आपल्यासारखीं सुशिक्षित घरें विचारतात, आणि त्या प्रश्नाचें उत्तर आपल्याच खिशांत असतें हें विसरतात. आपण मुलांस गाणें शिकवितों, नृत्य शिकवितों. पण दुसऱ्याच्या मुलाचें गाणें ऐकावयास दोनशें रुपये खर्चावयाचे म्हटले कीं आपणांस घरचीं कामें आठवतात. मग आपल्या मुलीचें नृत्य पाहावयास तरी कोणीं यावें? सिंघणासारखा राजा आतां नाहीं. डोंगर कोरविणारे दातेही नाहींत. आतां राजा म्हणजे महिन्याच्या जमाखर्चाची वही ठेवणारे तुमचें-आमचें घर होय.

मुक्तेचा प्रश्न पुरता सुटला आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पदवीचा अभ्यास सोडूं नये, आणि एक वर्ष गुरुकुलांत शिकून मग दोघांनीं पुन्हां बसून बोलावें, एवढाच करार बापलेकींत झाला आहे. दादांची काळजी संपलेली नाहीं. बापाची काळजी अशी संपतही नसते. परंतु घरीं परतल्यावर पहिल्या तारखेस त्यांनीं जमाखर्चाची वही उघडली, तेव्हां वीज आणि दूध यांच्या मध्यें एक नवें खातें त्यांच्या सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें आम्हीं पाहिलें : "नाटक-गाणें. माणशीं महिना एक." मातोश्रींचें नांव त्यांत पहिलें होतें.

वाचकांपैकीं ज्यांना ही सहल करावीशी वाटेल त्यांनीं थंडीचे दिवस निवडावे. वेरूळ मंगळवारीं आणि अजिंठा सोमवारीं बंद असतो, हें विसरूं नये. अजिंठा शंभर किलोमीटरवर असल्यामुळें त्यासाठीं निराळा दिवस ठेवावा. घरांतील भगिनींनीं हिमरू विणणारे कारागीर अवश्य पाहावे. सूत आणि रेशीम यांच्या मिश्र विणीची ही जुनी कला अजून तग धरून आहे. विद्यापीठामागील लेण्यांस सकाळच्या उन्हांत जावें. आणि सायंकाळीं शहरांत जें कांहीं चालू असेल, नाटक असो, गाणें असो, नृत्य असो, त्याचें तिकीट काढून आंत जावें, आणि शक्य तर पुढच्या रांगेंत बसावें. तिसऱ्या लेण्यांतील मंडळी चौदाशें वर्षें जागा धरून बसलीं आहेत. आपणांस दोन तास बसण्यास हरकत नसावी.